माणूस तोच, काम वेगळे: शिरोलीच्या फौंड्रीतील एक अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मोल्डिंग (वाळूचे साचे बनवणे), कोअर (ओतलेल्या भागात पोकळी ठेवणारे वाळूचे गाभे बनवणे) आणि मेल्टिंग (धातू वितळवणे) या तिन्ही विभागांच्या उत्पादनाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा माझ्या हाताखाली नाना तऱ्हेची माणसे होती. उद्यमनगरातल्या लहान कारखान्यांत वाळू चाळण्यापासून सुरुवात करून शिकलेले आणि आता निवृत्तीला आलेले मेस्त्री होते. डिप्लोमा किंवा पदवी नुकतीच हातात पडलेली मुले होती. कोअर शॉपमध्ये करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या गावांहून येणाऱ्या स्त्रिया होत्या आणि फर्नेसवर, म्हणजे भट्टीवर, बिहार-झारखंडकडचे हिंदी बोलणारे कामगार होते. या सगळ्यांशी एकाच पद्धतीने वागून चालणार नाही, हे कोणीही सांगेल. परंतु वेगळे वागायचे म्हणजे नेमके काय करायचे, ते कशावरून ठरवायचे आणि ठरवल्यावर इतरांना तो अन्याय वाटू नये यासाठी काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे मला रोजच्या कामातूनच मिळवावी लागली. ती कशी मिळाली, ते येथे लिहीत आहे.

आमच्या धंद्याची जुनी रीत वेगळी होती. शेतीपंपांसाठी लागणारी ऑइल इंजिने कोल्हापुरात बनू लागली, तेव्हा त्यांचे भाग ओतणारे बहुतेक कारागीर एकमेकांच्या हाताकडे पाहून शिकले. मालक स्वतः साच्याशेजारी उभा राहत असे आणि मोठ्या आवाजात, मोजक्या शब्दांत सांगितलेले काम तिथल्या तिथे होत असे. त्या रीतीने या शहराला मोठा उद्योग दिला, म्हणून तिच्याविषयी मला आदर आहे. पण पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील वसाहतींतून वाहन, ट्रॅक्टर आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांना माल जाऊ लागला आणि ग्राहक कास्टिंगबरोबर, म्हणजे ओतलेल्या भागाबरोबर, त्याची नोंदही मागू लागला. वाळूतला ओलावा किती होता, धातू किती तापमानाला ओतला, कोअर कोणत्या दिवशी बनली, हे सारे लिहून द्यावे लागते. त्यामुळे तीस वर्षे एकच काम करणाऱ्या माणसाच्या कामातही, त्याने कधीच न केलेला एक भाग शिरला. माझ्या प्रयत्नांची सुरुवात या ठिकाणाहून झाली.

त्याच सुमारास कंपनीने सुपरवायझर आणि इंजिनियर यांच्यासाठी एक प्रशिक्षण ठेवले होते. त्यात पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या अमेरिकी व्यवस्थापन-अभ्यासकांनी 1969 मध्ये मांडलेला विचार शिकवला गेला. नेत्याची एकच उत्तम पद्धत नसते. समोरच्याला ते काम किती येते आणि ते करण्याची त्याची तयारी किती आहे हे पाहून कधी स्पष्ट सूचना द्याव्यात, कधी कारणे सांगून पटवावे, कधी निर्णयात सहभागी करून घ्यावे आणि कधी काम पूर्णपणे सोपवावे, असा त्याचा गाभा आहे. वर्गात हे ऐकताना अनेकांनी लगेच माणसांची वाटणी केली: हा सांगावा लागणारा, तो सोपवण्याजोगा. मला ती वाटणी पटली नाही. मूळ मांडणीतही पाहायची असते ती त्या विशिष्ट कामापुरती तयारी, आणि ही अट सोडली तर सगळा विचार माणसाच्या कपाळावर शिक्का मारण्याचे साधन होतो. म्हणून मी एका वहीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याची चार-पाच मुख्य कामे लिहिली आणि प्रत्येक कामापुढे वेगळी नोंद केली. त्या वहीत एकही नाव असे निघाले नाही की ज्याच्यापुढच्या सगळ्या नोंदी सारख्या आल्या.

वही भरण्यापूर्वी मी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलले. विचारायचे प्रश्न साधे होते. या कामात मी किती वेळा येऊन पाहावे, असे तुम्हाला वाटते? कोणत्या ठिकाणी माझ्याकडून निर्णय हवा असतो आणि कोणत्या ठिकाणी माझी लुडबुड वाटते? काहींनी पहिल्यांदा संकोचाने "तुम्ही म्हणाल तसं" एवढेच उत्तर दिले, आणि ते स्वाभाविक होते, कारण वरिष्ठाने असे काही विचारण्याची त्यांना सवय नव्हती. अशा वेळी मी उत्तरासाठी अडून न राहता आठवडाभराने त्यांचे काम चालू असताना तोच प्रश्न पुन्हा काढत असे. हातात काम असले की माणूस मोकळेपणाने बोलतो, असे मला बहुतेक वेळा दिसले.

सर्वांत अनुभवी मेस्त्रींनी मात्र पहिल्याच बैठकीत सांगून टाकले, "वाळूचं तेवढं मला सांगू नगासा. बाकी काय असंल ते सांगा, ऐकतो." त्यांचे म्हणणे खरे होते. आमच्याकडे ग्रीन सँड वापरतात, म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट ही चिकट माती, कोळशाची पूड आणि साधारण तीन ते चार टक्के पाणी. पाणी जास्त झाले तर वाफेमुळे कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची छिद्रे, येतात आणि कमी झाले तर साच्याच्या कडा ढासळतात. मेस्त्री मूठभर वाळू दाबून, ती मोडून, मोडलेल्या कडेकडे पाहून जे सांगत, ते प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळत असे. तेव्हा वाळूच्या मिश्रणातले दैनंदिन फेरबदल मी पूर्णपणे त्यांच्यावर सोपवले आणि तसे प्रयोगशाळेलाही कळवले, कारण अधिकार दिला आहे हे इतरांना ठाऊक नसेल तर तो दिल्यासारखा होत नाही.

त्याच मेस्त्रींना टॅबवर नोंद करायची वेळ आली की मात्र ते हात मागे घेत. येथे सोपवून चालणार नव्हते आणि गटासमोर शिकवणेही योग्य नव्हते, कारण ज्यांना पंचवीस माणसे विचारून पाऊल टाकतात, त्यांना त्याच माणसांसमोर बोट धरून बटणे दाखवणे हा त्यांच्या मानाचा प्रश्न होता. म्हणून शिफ्ट सुरू होण्याआधी, सँड प्लांटच्या मागच्या खोलीत, मी त्यांना रोज एकच गोष्ट दाखवत असे: आज फक्त तारीख आणि शिफ्ट, उद्या फक्त ओलाव्याचा आकडा. सूचना नेमक्या, क्रमाने आणि प्रत्येक वेळी त्याच शब्दांत. या कामात त्यांना कारणमीमांसा नको होती. पुढचे बटण कोणते, एवढेच हवे होते. एकाच सकाळी मी त्यांना नोंदीबाबत पायरी-पायरीने सांगत असे आणि दहा मिनिटांनी वाळूबाबत त्यांचे मत विचारत असे, आणि दोघांनाही त्यात विसंगती वाटत नसे.

पुढे एसजी आयर्नची (स्फेरॉइडल ग्रॅफाइट लोखंडाची) कामे वाढली, तेव्हा वहीतली त्यांची वाळूपुढची नोंदही बदलावी लागली, आणि हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. या लोखंडात ग्रॅफाइट गोल कणांच्या रूपाने तयार होते आणि गोठताना होणाऱ्या प्रसरणाचा दाब साच्याच्या भिंतीवर पडतो. साचा पुरेसा कडक नसेल तर भिंत मागे सरते आणि कास्टिंगच्या आत पोकळी राहते. साध्या ग्रे आयर्नच्या साच्यावर बसलेला मेस्त्रींचा हात या कामासाठी थोडा मऊ पडत होता. अनुभवी माणसाला अशा वेळी "तुमचे चुकते आहे" असे सांगितले तर तो नव्या धातूला दोष देईल, आणि काहीच न सांगता सोपवून ठेवले तर रिजेक्शन चालूच राहील. मी त्यांच्यासमोर एक कास्टिंग कापून घेतले, आतली पोकळी त्यांना दाखवली आणि प्रसरणाचे कारण समजावून सांगितले. त्यानंतर साच्याचा कडकपणा किती ठेवायचा, हे आम्ही हार्डनेस टेस्टर हातात घेऊन मिळून ठरवले. म्हणजे ज्या कामात ते पूर्ण मोकळे होते, त्याच कामात काही काळ पटवण्याची आणि बरोबर उभे राहण्याची पद्धत आली. पुढे त्यांचा हात नव्या कडकपणावर बसला आणि मी पुन्हा बाजूला झाले.

कोअर शॉपमध्ये प्रश्न वेगळा होता. तिथल्या सर्वांत जाणत्या कामगार स्त्रीला, जिला सगळे अक्का म्हणतात, कामातले काहीही सांगण्याची गरज नव्हती. तरी उत्पादनाच्या बैठकीत त्या एक शब्दही बोलत नसत आणि त्यामुळे त्यांना मत नाही असा समज झाला होता. कौशल्य पुरेपूर, पण ते मांडण्याचा आत्मविश्वास नाही, अशा माणसाला सूचना देणे हा अपमान आहे आणि नुसते सोडून देणे हे दुर्लक्ष आहे. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी इकडं या, मी दावतो. तिकडं हापिसात मला बोलाय येत न्हाई." तेव्हापासून कोअर शॉपची बैठक त्यांच्या टेबलाशेजारी, उभ्याउभ्या होऊ लागली.

पावसाळ्यात एका भागाला ब्लोहोल वाढले होते आणि सगळे वाळूकडे बोट दाखवत होते. अक्कांनी शटरजवळच्या रॅकवरची खालच्या कप्प्यातली कोअर उचलली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवून दाखवला. कडेची वाळू सुटत होती. कोल्ड बॉक्स पद्धतीने, म्हणजे न तापवता रसायनांनी घट्ट करून, बनलेली कोअर दमट हवेत ठेवली तर तिची ताकद कमी होते आणि शोषलेला ओलावा ओतताना वायू होऊन धातूत शिरतो, हे पुस्तकात आहे. पण कोणता रॅक, कोणता कप्पा, हे फक्त त्यांनाच माहीत होते. तो रॅक आतल्या बाजूला हलवण्याचा आणि आधी बनलेली कोअर आधी वापरण्याचा निर्णय त्यांच्या नावाने नोंदवला गेला. मी त्यात एकच गोष्ट केली: पुढच्या उत्पादन बैठकीत मी तो निर्णय स्वतः न सांगता सगळ्यांना त्यांच्या रॅकपाशी घेऊन गेले. त्या दिवशी अक्का सात-आठ पुरुषांसमोर सलग बोलल्या, आणि मला त्याचा आजही मनापासून आनंद वाटतो.

नव्या इंजिनियर मुलाबरोबरचा प्रवास सर्वांत लांबला. आला तेव्हा तो उत्साहाने भारलेला होता. त्याला नेमके काय करायचे ते सांगितले की तो धावत करत असे. अडचण पुढे आली. एसजी आयर्नच्या काही हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या एकेका खेपेत, ग्रॅफाइट गोल करणारी मॅग्नेशियमची प्रक्रिया केल्यानंतर ओतायला उशीर झाला. मॅग्नेशियमचा परिणाम काही मिनिटांतच ओसरू लागतो, म्हणून लॅडल, म्हणजे वितळलेला धातू नेणारे पात्र, साच्यांपर्यंत वेळेत पोहोचणे हाच या कामाचा कणा आहे. माल नाकारला गेला, जुन्या कामगारांनी त्याला दोन शब्द ऐकवले आणि मुलाचा चेहरा उतरला. काम थोडे येऊ लागले आहे आणि उमेद मात्र खाली गेली आहे, अशा या टप्प्याविषयी हर्सी-ब्लँचर्ड यांच्या विचारात पुढे बरेच लिहिले गेले आहे. माझ्या मते नवी माणसे फौंड्री सोडून जातात ती याच टप्प्यावर.

या काळात त्याला केवळ धीर देणे पुरेसे नव्हते आणि केवळ सूचना देणेही पुरेसे नव्हते. दोन्ही एकत्र लागत होते. प्रत्येक हीटच्या आधी मी त्याला विचारत असे, "किती साचे भरशील, किती मिनिटांत, आणि मध्ये क्रेन अडली तर काय करशील?" त्याने उत्तर दिल्यावरच टॅपिंग, म्हणजे भट्टीतून धातू काढणे, होत असे. हीट संपली की मी प्रथम त्याचे म्हणणे ऐकत असे आणि मग माझे निरीक्षण सांगत असे. वेळ संपल्यावर लॅडलमध्ये उरलेला धातू साच्यात न ओतता पिग करून, म्हणजे पुन्हा वितळवण्यासाठी त्याचे ठोकळे करून, टाकण्याचा अधिकार मी त्याला लेखी दिला, कारण नव्या माणसाला सर्वांत जास्त भीती माल वाया घालवल्याचा आरोप येण्याची असते आणि त्या भीतीनेच तो उशिरा ओततो. त्याने तो अधिकार पहिल्यांदा वापरला, तेव्हा उत्पादन कमी झाल्याचे उत्तर वर मी दिले. नंतर मी हळूहळू लॅडलशेजारून दूर झाले: आधी दहा पावलांवर, मग कंट्रोल पॅनेलजवळ, मग केबिनमध्ये. मी दूर जाणार आहे हे मी त्याला दर वेळी आधी सांगत असे. न सांगता दूर गेलेल्या वरिष्ठाचा अर्थ माणूस नाराजी असा लावतो.

या सगळ्याला एक सीमा होती आणि ती मी सुरुवातीलाच आखली. सुरक्षिततेच्या बाबतीत माणूस पाहून वागणे बंद. फर्नेसवरचे भैया त्यांच्या कामात अत्यंत तरबेज होते आणि त्यांच्या बहुतेक निर्णयांत मी हात घालत नसे. परंतु ओले किंवा दोन्ही तोंडे बंद असलेले पाइपसारखे भंगार फर्नेसमध्ये पडले तर आत अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन तिचे आकारमान सुमारे 1,600 पटींहून अधिक वाढते आणि वितळलेले लोखंड बाहेर उसळते. तेथे कौशल्याला सूट नाही. पावसाळ्यात भंगार तपासून, वाळवून, नंतरच चार्ज करायचे, ही सूचना भैयांना, नव्या इंजिनियरला आणि मलाही सारख्याच शब्दांत लागू होती. हेल्मेटची काच खाली आहे की नाही, हे मेस्त्रींनाही तितक्याच स्पष्टपणे विचारले जात असे. भाषा मात्र मी त्यांची वापरली. हिंदीत फलक लावला आणि शिफ्टच्या सुरुवातीला सूचना हिंदीत सांगण्याची पद्धत ठेवली, कारण न समजलेली सूचना ही दिलेलीच नसते.

काही महिन्यांत तक्रार आली. मोल्डिंग लाइनवरच्या एका जुन्या कामगाराने सगळ्यांसमोर विचारले, "मेस्त्रींना तुमी काय इचारत न्हाईसा, आमच्या मागं मात्र रोज हुबं. ह्यो पंक्तिप्रपंच कशापायी?" मला तो प्रश्न रास्त वाटला आणि त्याने तो उघड विचारला याबद्दल मी त्याचे आभार मानले. वरिष्ठ माणसामाणसांत फरक करत असेल तर त्यामागचा निकष कळणे हा कामगाराचा हक्क आहे. मग मी सकाळच्या सभेत निकष फळ्यावर लिहिला: कोणत्या कामात किती काळ सलग दोष आलेला नाही, अडचण आली तर माणूस स्वतःहून कळवतो का, आणि नोंद पूर्ण असते का. या तीन गोष्टी जमल्या की त्या कामातली माझी तपासणी कमी होईल आणि बिघडल्या की पुन्हा वाढेल, हे सगळ्यांना सांगितले. रजा, ओव्हरटाइम आणि बोनस यांचा या फरकाशी काही संबंध नाही, हेही स्पष्ट केले. विचारणाऱ्या कामगाराने स्वतःच्या दोन कामांची तपासणी त्याच निकषावर पुढे कमी करून घेतली. तेव्हापासून वही माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली नाही. ज्याची नोंद त्याने केव्हाही पाहावी, अशी व्यवस्था झाली.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेला महापूर आला आणि शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी मागे पडून पाणी वाढतच होते. त्या दिवसांत मी कोणाशीही चर्चा करत बसले नाही. फर्नेस रिकामी करणे, कोअरचा साठा उंचावर हलवणे, नदीकाठच्या गावांतल्या माणसांना लगेच घरी पाठवणे, या बाबतीत सगळ्यांना सरळ आदेश दिले आणि नेहमी स्वतः निर्णय घेणाऱ्या मेस्त्रींनीही ते निमूट पाळले. संकटात वेळ हाच सर्वांत तुटपुंजा असतो आणि एरवी विचारून घेणाऱ्या वरिष्ठाचा आदेश माणसे अशा वेळी चटकन मानतात, असे मला दिसले.

पूर ओसरल्यावर आमचा एक कुशल कोअर-सेटर, म्हणजे साच्यात कोअर बसवणारा कामगार, कामावर आला, तेव्हा त्याच्या घराची भिंत पडलेली होती. हात तोच होता, पण लक्ष नव्हते. वहीत त्याच्यापुढे बहुतेक ठिकाणी सोपवण्याची खूण होती. मी ती काही आठवड्यांपुरती बदलली, त्याला एका जोडीदाराबरोबर ठेवले, दिवसातून दोन वेळा जाऊन कामाविषयी आणि घराविषयीही विचारत राहिले आणि पंचनाम्यासाठी लागेल तेव्हा सुट्टी दिली. तयारी म्हणजे केवळ कौशल्य नाही, त्या दिवशीचे मनही त्यात येते, हे मला त्याच्यामुळे नीट कळले.

या विचाराच्या मर्यादाही मी वाचल्या. नेतृत्वाचे अभ्यासक फ्रेड फीडलर यांनी 1967 मध्ये असे मांडले की नेत्याची पद्धत सहज बदलत नाही, म्हणून नेत्याला त्याच्या पद्धतीशी जुळणारी परिस्थिती द्यावी. आणखी एक अभ्यासक रॉबर्ट वेकिओ यांनी शाळांमधील शिक्षकांचा अभ्यास करून 1987 मध्ये जे निष्कर्ष दिले, त्यांत हर्सी-ब्लँचर्ड यांच्या मांडणीला नवख्या माणसांच्या बाबतीत आधार मिळाला, मुरलेल्यांच्या बाबतीत तो कमी पडला. माझा अनुभव याच्याशी बऱ्यापैकी जुळतो. नव्या माणसाला स्पष्ट सूचना हव्यात, हे जवळजवळ प्रत्येक वेळी खरे ठरले. अनुभवी माणसाबद्दलचा अंदाज मात्र त्याच्याशी बोलल्याशिवाय लागला नाही. एका सुपरवायझरच्या बाबतीत कोणतीच पद्धत लागू पडली नाही. त्याला माणसे सांभाळण्याचे कामच नको होते. त्याने डिस्पॅचमध्ये बदली मागितली आणि तिथे तो आज उत्तम काम करतो.

सध्या रात्रपाळी त्या नव्या इंजिनियरकडे सोपवण्याचे ठरले आहे. आता त्याला नवा म्हणणेही योग्य नाही. मेल्टिंग आणि ओतकाम पूर्णपणे त्याच्याकडे राहील, नव्या पॅटर्नचा, म्हणजे साचा उठवण्याच्या नव्या नमुन्याचा, पहिला साचा दिवसपाळीतच आमच्या दोघांच्या उपस्थितीत भरला जाईल आणि माणसांच्या रजा-बदलीचे निर्णय तो पहिले काही महिने मला विचारून घेईल, कारण ते काम त्याने अजून केलेले नाही. वाळूचे काम मेस्त्रींच्या हाताखाली तयार झालेले दोन मोल्डर पाहतील. त्या दोघांपैकी कोणाला किती मोकळे सोडायचे, हे मेस्त्रींनीच वहीत लिहिले आहे. एकाच्या नावापुढे त्यांनी एसजीच्या साच्यांसाठी "अजून शेजारी थांबावे" अशी नोंद टॅबवरही स्वतः केली आहे.